पहिल्या रांगेतली पंगत

मंदाकिनीबाईंना सिंगापूरचं फारसं अप्रूप नव्हतं. मुलगा तिथे आहे, सून तिथे आहे, बोलावतायत तर जायला हवं, इतकंच. त्यांना खरी ओढ लागली होती ती विमानातल्या जेवणाची. आता ही काय ओढ लागायची गोष्ट आहे? पण लागली होती, आणि त्यांनी ती कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. दाखवली असती तर श्यामसुंदररावांनी "विमानातलं जेवण? अगं, ते गिळायचं असतं, जेवायचं नसतं," असं म्हणून त्या इच्छेचं तिथल्या तिथे पोतेरं केलं असतं.

सगळं सुरू झालं सलीलच्या फोनमुळे. धायरीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल येतो, तसा आला होता. मागे सून ऋचा कॉफीचा मग घेऊन उभी होती.

"आई, बाबा, तिकिटं झाली. पुण्याहून थेट. आणि एक्स्ट्रा लेगरूमच्या सीट्स घेतल्यात, इकॉनॉमीतली पहिली रांग. समोर नुसती भिंत. बाबांच्या पायांचा प्रश्न सुटला!"

श्यामसुंदररावांचे पाय हा त्या घरातला जुना प्रश्न. माणूस ताडमाड उंच. पाटबंधारे खात्यात नोकरी झाली ती जीपच्या मागच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून. नाटकाला गेले की पुढच्या खुर्चीतला माणूस दर अंकाला वळून बघायचा.

"शिवाय बोर्डिंग आधी," सलील पुढे म्हणाला. "जेवण फ्री. आणि रांग पहिली, म्हणून सगळ्यात आधी तुम्हालाच."

"फ्री काही नसतं," श्यामसुंदरराव म्हणाले. "तिकिटात धरलेलं असतं."

मंदाकिनीबाईंनी मात्र वेगळंच ऐकलं होतं. त्या फोनच्या जवळ सरकल्या. "सगळ्यात आधी म्हणजे? गरम असतं?"

"गरमागरम, आई. तू उठायचं पण नाही. जागेवर आणून पुढ्यात ठेवतात."

झालं. ते वाक्य मंदाकिनीबाईंच्या मनात जाऊन बसलं ते बसलंच.

त्याचं कारण सांगायला हवं. मंदाकिनीबाईंनी टेलिफोन खात्यात पूर्ण नोकरी केली, आणि नोकरीच्या आधी नि नोकरीनंतर रोज स्वयंपाक केला. घर माणसांचं. गणपती, श्राद्धं, मुंज, कुणाचं ना कुणाचं केळवण. पंगत बसली की श्यामसुंदरराव तुपाचं भांडं घेऊन निघायचे, प्रत्येकाच्या भातावर धार सोडायचे, आणि शेवटी पंगतीच्या टोकाला उभे राहून भरदार आवाजात म्हणायचे, "सावकाश होऊ द्या!" लोक त्या आवाजाचं कौतुक करायचे. यजमान असावा तर असा, म्हणायचे. मग पुरुषमंडळी विडा तोंडात टाकून बाहेरच्या खोलीत जायची, आणि स्वयंपाकघरात बायकांची शेवटची पंगत बसायची. आमटी निवलेली, भजी संपलेली, पुरणपोळी असली तर कडेची. एक हात जेवणाला आणि एक कान दाराकडे, कारण बाहेरून कुणीतरी पाणी मागणारच. त्या पंगतीला "सावकाश होऊ द्या" म्हणायला कधी कुणी आलं नाही. कुणी मुद्दाम टाळलं असंही नाही. सुचलंच नाही कुणाला.

आता घरात दोघंच होते, तरी सवय सुटली नव्हती. श्यामसुंदररावांना तव्यावरची पोळी थेट ताटात लागायची. त्यांचं झालं की मंदाकिनीबाई बसायच्या, तोवर त्यांची पोळी गार. मंडळी, याला छळ म्हणत नाहीत. पण माणसाला वाटायचं ते वाटतंच.

जायचे दिवस जवळ आले तसे श्यामसुंदररावांनी फर्मान काढलं. "दशम्या कर. सोबत दाण्याची चटणी. विमानातल्या अन्नाचा काय भरवसा?"

मंदाकिनीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"नाही करणार."

"का? गूळ संपलाय?"

"गूळ आहे. मी नाही करणार. अहो, या एका प्रवासात मला डबा नकोय. मला कुणीतरी वाढलेलं गरम ताट हवंय. आणि तेही सगळ्यांच्या आधी, सगळे जेवल्यावर नाही. हसायचं असेल तर हसा."

श्यामसुंदरराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं," म्हणाले. पुण्यातल्या 'बरं'चा अर्थ लावत बसू नये, हे मंदाकिनीबाईंना लग्न झाल्यापासून माहीत होतं.

पण श्यामसुंदरराव कामाला लागले, हे खरं. त्याच संध्याकाळी त्यांनी सलीलने पाठवलेली लिंक उघडली. तिथे जेवणाचे प्रकार दिले होते, आणि त्यातून निवड करायची होती. सलीलला किंवा ऋचाला विचारा, असं मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"विचारायचं काय त्यात? मला इंग्रजी वाचता येतं." त्यांनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला. "जैन मील. नको, त्यात कांदा, बटाटा नाही. तुला बटाट्याशिवाय चालत नाही. फ्रूट मील. आपण आजारी नाही. एशियन व्हेजिटेरियन मील."

"ते असेल बघा."

"एशियन म्हणजे चिनी-जपानी, मंदा. बांबूचे कोंब आणून ठेवतील पुढ्यात, वर समुद्रातलं शेवाळं. हे बघ, हिंदू मील!" त्यांचा चेहरा उजळला. "किती सरळ आहे. आपण हिंदू. आपण शाकाहारी. विषय संपला."

विषय संपला म्हटल्यावर त्या घरात तो संपायचा. दोघांसाठी हिंदू मील ठरलं.

निघायच्या दिवशी मंदाकिनीबाईंनी सकाळी फक्त चहा घेतला. पोहे श्यामसुंदररावांपुरतेच केले. भूक राखून ठेवायची होती, लग्नाच्या जेवणाला जाताना ठेवतात तशी. त्यांना चपटा स्टीलचा डबा हवा होता, सुनेसाठी घेतलेली वेलची भरायला. तो काही सापडेना.

"अहो, चपटा डबा पाहिलात का?"

"तुझी भांडी मी कशाला बघतो?" असं म्हणून श्यामसुंदरराव पिशवी घेऊन "जरा जाऊन येतो" करून बाहेर पडले, आणि आल्यावर बराच वेळ आपल्या हातातल्या बॅगेत मफलर कोंबत बसले. सिंगापूरला मफलर! मंदाकिनीबाईंनी कपाळाला हात लावला आणि वेलची प्लास्टिकच्या पिशवीत भरली.

टॅक्सी सिंहगड रोडवर अडकली, स्वारगेटला पुन्हा अडकली, आणि ड्रायव्हरला रस्ता सांगायची श्यामसुंदररावांची हौस लोहगाव येईपर्यंत पुरली. विमानतळावर तपासणीला बायकांची रांग वेगळी होती. पडद्यामागून बाहेर आल्यावर मंदाकिनीबाईंना दिसलं की पलीकडे यजमानांची बॅग उघडलेली आहे आणि ते गणवेशातल्या माणसाशी हातवारे करून बोलतायत. त्या पोचेस्तोवर बॅग बंद झाली होती.

"काय झालं हो?"

"काही नाही. नियम समजावून घेत होतो."

"त्यांनी तुम्हाला समजावले की तुम्ही त्यांना?"

श्यामसुंदरराव बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघू लागले. म्हणजे हार झाली होती.

पण विमानात शिरल्यावर सगळं विसरलं. खरंच आधी सोडलं त्यांना, बाकीचे रांगेत उभे असताना. पहिली रांग, समोर करड्या रंगाची भिंत, आणि मध्ये चांगली ऐसपैस मोकळी जागा. मंदाकिनीबाई खिडकीशी बसल्या. तिसरी खुर्ची रिकामीच राहिली. श्यामसुंदररावांनी आधी एक पाय लांब केला. मग दुसरा. भिंतीला लागले नाहीत. त्यांनी पुन्हा थोडे ताणले, तरी लागले नाहीत.

"मंदा," ते हळूच म्हणाले, "हे बघ."

"बघितलं. आता सगळ्यांना नका दाखवू."

विमान वर चढलं, खालची घरं, टेकड्या, नदीची वळणं लहान होत गेली, आणि मंदाकिनीबाईंना भीती वाटायची होती ती भुकेमुळे वाटायचीच राहून गेली. मागून अन्न गरम केल्याचा वास आला. पुढचं टेबल कुठे दिसेना. बाकीच्यांना समोरच्या खुर्चीच्या पाठीला असतं, यांच्यासमोर भिंत! एवढ्यात एक मुलगी वाकली, तिने खुर्चीच्या हातातलं झाकण उघडून आतून टेबल बाहेर ओढलं आणि उलगडून दिलं. छातीवर नाव होतं, शेफाली.

"हे इथे असतं, काकू. पहिल्यांदा कुणालाच सापडत नाही."

"अगंबाई, तू मराठी!"

"विश्रांतवाडीची आहे. बसा निवांत, तुमची स्पेशल मील्स आहेत ना? ती मी सगळ्यात आधी आणते."

आणि आणली! अजून जेवणाची गाडीसुद्धा बाहेर निघाली नव्हती, मागच्या कुणाच्याही पुढ्यात काही नव्हतं, आणि मंदाकिनीबाईंच्या पुढे ताट आलं. ताट म्हणजे ट्रे. पण त्यावर पांढरा रुमाल, काचेचा पेला, छोटीशी वाटी, पाव, आणि मधोमध चकाकत्या झाकणाखाली गरम डबी. झाकणावर पाण्याचे थेंब जमले होते. त्यांनी हात जोडले, डोळे मिटून एक क्षण थांबल्या. त्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवावासाही वाटला नाही. "अहो, आधी मला दिलं," त्या म्हणाल्या. "तुमच्याही आधी."

मग त्यांनी झाकण उचललं.

रस्सा लाल होता, वर कोथिंबीर होती, बाजूला जिऱ्याचा भात होता. त्यांनी काट्याने एक तुकडा हलवला. तुकड्यातून हाड वर आलं.

मंदाकिनीबाईंनी झाकण परत ठेवलं. ओरडल्या नाहीत, नाक मुरडलं नाही. दोन्ही हात मांडीवर घेऊन त्या भिंतीकडे बघत बसल्या.

"काय झालं?" श्यामसुंदररावांनी आपलं झाकण उचललं आणि तसंच खाली ठेवलं. "ए बाई! अहो, इकडे या! हे काय आणलंत? आम्ही हिंदू मील सांगितलं होतं!"

"हे हिंदू मीलच आहे, काका."

"हिंदू मीलमध्ये कोंबडी?"

"हो, असते. हिंदू मील म्हणजे त्यात बीफ नसतं, एवढंच. चिकन, मटण, मासे काहीही असू शकतं. तुम्हाला शाकाहारी हवं होतं का?" शेफालीचा चेहरा पडला. "मग एशियन व्हेजिटेरियन घ्यायचं. त्यात आपली पोळी, पनीर, डाळ, भात असतं सगळं."

श्यामसुंदररावांनी झाकण डबीवर नीट दाबून बसवलं. बांबूच्या कोंबांबद्दल ते काही बोलले नाहीत.

"साधं व्हेज आहे ना तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आहे, पण मोजून येतं, काका. तुमची दोन वेगळी सांगितलेली, म्हणून त्यात तुम्हाला धरलेलं नाही. आता मी सगळ्यांना वाटते, आणि शेवटी उरलं तर पहिलं काकूंनाच आणून देते. नक्की." तिने दोन्ही ट्रे उचलले. तिची काही चूक नव्हती. तरी ती दोनदा सॉरी म्हणाली.

गाडी निघाली. मागच्या रांगेत झाकणं उघडायला लागली. कुणी व्हेज म्हणत होतं, कुणी नॉनव्हेज. एका बाळाला त्याची आई वरणभात कालवून भरवत होती. सगळं विमान जेवत होतं, आणि सगळ्यांचं झाल्यावर, उरलं तर, मंदाकिनीबाई जेवणार होत्या. शेवटची पंगत त्यांच्यामागे लागून थेट आकाशात आली होती.

त्यांनी खिडकीकडे वळून डोळे पुसले. वेडेपणा आहे हा, त्यांनी स्वतःला बजावलं. या वयात जेवणावरून रडतं का कुणी? आणि मग सवयीने, अगदी सवयीने, त्या म्हणाल्या,

"असू दे हो. मला तशी भूक नाहीच."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल! वडे संपले तेव्हा, अचानक पाहुणे आले तेव्हा, सलीलने शेवटचा लाडू उचलला तेव्हा. श्यामसुंदररावांनी ते दर वेळी खरं मानलं होतं. सोयीचं वाक्य होतं, कशाला कुणी तपासून बघेल?

या वेळी ते वळले आणि बायकोकडे बघत राहिले.

"भूक नाही काय? सकाळपासून चहावर आहेस. पोहे केलेस, त्यातला घास खाल्ला नाहीस. बघत होतो मी."

मंदाकिनीबाई चपापल्या. बघत होतात? तुम्ही?

श्यामसुंदरराव उठले. त्या जागेत त्यांना सरळ उभं राहता आलं, कुणाच्या गुडघ्याला गुडघा न लावता. त्यांनी वरचा कप्पा उघडून आपली बॅग काढली, बॅगेतून मफलर काढला, आणि मफलरातून काढला चपटा स्टीलचा डबा.

"माझा डबा!"

"तुझाच. हळू बोल."

आत घडी घातलेल्या पोळ्या होत्या, बटाट्याची सुकी भाजी होती, आणि पुडीत दाण्याची चटणी. मंदाकिनीबाईंनी पोळीकडे बघितलं. ती त्यांच्या हातची नव्हती, आणि श्यामसुंदररावांना तर गॅस पेटवताना अजून दचकायला होतं.

"कुठून आणल्यात?"

"कोपऱ्यावरनं. शकूताईंच्या पोळी-भाजी केंद्रातून."

आता हे ऐकून मंदाकिनीबाईंनी पोळी पुन्हा उलटून बघितली. बाहेरच्या पोळीला हा माणूस 'लॅमिनेट केलेला कागद' म्हणायचा. त्यांना ताप असतानासुद्धा केंद्राची पोळी घरात आली नव्हती. आणि आज हे गुपचूप तिथे रांगेत उभे राहिले?

मग त्यांना रागही आला. "म्हणजे तुम्हाला खात्रीच नव्हती! मी एवढं सांगितलं, डबा नको, आणि तुम्ही चोरून डबा घेतलात."

"नव्हती खात्री. तो फॉर्म मी भरला होता ना, म्हणून." ते खाली बघत म्हणाले. "तुला जेवण मिळालंच पाहिजे होतं, मंदा. काही गडबड झाली असती तर तू पुन्हा भूक नाही म्हणाली असतीस. मला ते ऐकायचं नव्हतं."

मंदाकिनीबाईंचा राग कुठच्या कुठे गेला. त्यांनी नुसतं टेबल सरळ केलं.

"शेफालीताई," श्यामसुंदररावांनी गाडीमागे उभ्या असलेल्या मुलीला हाक मारली, "एक स्वच्छ ताटली मिळेल का? आणि लिंबाची फोड?"

तिने दोन्ही आणून दिलं. "काका, मी वाढू का?"

"नको. तुम्ही बाकीच्यांकडे बघा. इथली पंगत माझी आहे."

आणि तो उंच माणूस त्या मोकळ्या जागेत बायकोसमोर वाकून उभा राहिला. आधी मिठाची पुडी फोडली आणि ताटलीच्या वरच्या बाजूला चिमूटभर मीठ वाढलं. डावीकडे लिंबाची फोड. तिच्याखाली चटणी. मग रिकाम्या जागेवर बोट दाखवून म्हणाले, "इथे लोणचं यायचं होतं. ते लोहगावला काढून घेतलं. तेल असतं म्हणे त्यात." उजवीकडे बटाट्याची भाजी. खाली पोळी, चार पदरी घडी, टोक आपल्याकडे नाही, जेवणाऱ्याकडे. आयुष्यभर पंगतीत तूप वाढत फिरलेला माणूस, पण मीठ कुठे आणि चटणी कुठे हे त्याने कधी बघून ठेवलं होतं, देव जाणे.

"गरम नाहीये," ते म्हणाले. "तेवढं चालवून घे."

"तुमचं?"

"वाढणारा मागून बसतो."

मंदाकिनीबाईंनी पोळीचा तुकडा मोडला. आणि त्याच वेळी श्यामसुंदरराव सरळ उभे राहिले, दोन्ही हात पुढे जोडले, आणि पंगतीच्या टोकाला उभं राहून म्हणायचे त्याच भरदार आवाजात, मागच्या चार रांगांना ऐकू जाईल असे म्हणाले,

"सावकाश होऊ द्या!"

होऊ दे नाही. होऊ द्या. लग्न झाल्यापासून बायकोला 'अगं' नि 'तू' म्हणणारा माणूस, पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाला.

मंदाकिनीबाईंचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले, आणि या वेळी त्यांनी ते पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. मग त्यांनी घास तोंडात घातला. पोळी गार होती, जरा चिवटही होती. त्यांना ती फार आवडली.

त्या जेवत राहिल्या. कुणी पाणी मागितलं नाही, दाराकडे कान लावायचा नव्हता, गॅसवर काही नव्हतं. श्यामसुंदरराव डबा हातात धरून शेजारी बसले, आणि त्यांचे एवढे लांब पाय पसरायचे राहूनच गेले.

थोड्या वेळाने शेफाली ट्रे गोळा करत आली. "झालं का, काकू?"

"नाही," श्यामसुंदरराव म्हणाले. "त्यांचं अजून चाललंय. तुम्ही शेवटी या."

मंदाकिनीबाईंनी ताटलीतली चटणी बोटाने गोळा केली, नवऱ्याकडे बघितलं, आणि आजवर कधी मागितलं नव्हतं ते मागितलं.

"अर्धी पोळी वाढा."

"अर्धी काय?" श्यामसुंदरराव म्हणाले, आणि त्यांनी अख्खी वाढली.